वांदरतोंड्याची राई तोडणाऱ्या चांगोस

चांगो, तू गेलास हे मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "मास्तर, तुमचा तो ठाकर वारला ना, चार दिवस झाले." तुमचा तो ठाकर. बसमध्ये पंधरा-वीस माणसं होती. मी तिकीट घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. कळंबला उतरलो, शाळेत गेलो, तीन तास शिकवलंही. चौथ्या तासाला नववीच्या वर्गात फळ्यावर बेडकाचं हृदय काढत होतो, तेव्हा एकदम इतका राग आला की हातातला खडू मोडला. मुलांना वाटलं, त्यांच्यावरच. शेवटच्या बाकावरच्या एकाला मी उगीच उभं केलं आणि तास संपेपर्यंत बसवलं नाही.

राग तुझ्यावर होता. अजून आहे. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे, तीही मला ठाऊक आहे. पण तू जिवंत असताना मी तुझ्याशी ठरवून चांगलं कधी बोललो नाही. शेवटची तीन वर्षं तर बोललोच नाही. आज कागदावर गोड बोलायला लागलो तर तूच म्हणशील, मास्तरांना बरं नाय, वाटतं.

आपली ओळख झाली तो दिवस मला पक्का आठवतो. आम्ही बौद्ध होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो. गावात मला भाड्यानं खोली मिळाली नाही. लोक नाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, मग खोली भाच्यासाठी ठेवली आहे म्हणायचे. कळंबात इतके भाचे कुठून येणार होते कोण जाणे. म्हणून मी दहिवलीहून रोज ये-जा करायचो. पाऊस सरत आला होता तरी त्या दिवशी ओढ्याला पाणी आलं आणि परतीची बस आलीच नाही. तू डोक्यावर करटुल्यांची पाटी घेऊन चालला होतास. थांबलास आणि म्हणालास, "मास्तर, इथं बसून काय व्हनार? चला वाडीवर."

तुमच्या वाडीवर पोचलो. तुझ्या आईनं मला पाणी दिलं ते वरून ओतून दिलं. तिला माझी जात कळली होती, डोंगरात राहिलं म्हणून तेवढं कळायचं राहत नाही. मी ओंजळ पुढे केली. सवय होती. तू आतून आलास, तिच्या हातातला तांब्या घेतलास आणि माझ्या हातात दिलास. मी तांब्याला तोंड लावून प्यालो आणि तो तुला परत दिला, तो तू तसाच चुलीजवळ ठेवलास. त्याबद्दल आपण एवढ्या वर्षांत एकदाही बोललो नाही. मी आभार मानले नाहीत आणि तूही कधी ते माझ्याकडे मागितले नाहीस.

सकाळी तू विचारलंस, पोरांना काय शिकवता? मी म्हणालो, झाडं, किडे, माणसाचं शरीर. "किडे?" तू म्हणालास, "मंग एक दाखवतो." आणि मला वाडीच्या वरच्या राईत घेऊन गेलास.

ती राई कशी होती हे आता सांगून कुणाला पटणार नाही. बाहेर ऊन असलं तरी आत पायाखालचा पाला ओला असायचा. जांभूळ, अंजनी, फणस, वरपर्यंत चढलेल्या वेली, आणि ओहोळाच्या काठाला ते भोकराचं झाड. त्याच्या कोवळ्या फांद्यांना कुणी पीठ शिंपडावं तसं पांढरं लागलं होतं. मी सांगितलं, याला पिठ्या ढेकूण म्हणतात, झाडाचा रस शोषतो. तू मान हलवलीस, तुला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तू एक पान हळूच वळवलंस आणि त्याच्यावर चिकटलेला गव्हाच्या दाण्याएवढा एक कोष दाखवलास. मी वाकून पाहिलं. माकडाचं तोंड होतं. दोन डोळे, बसकं नाक, कपाळावरची आठी, सगळं. मी दोन पावलं मागं झालो, तेव्हा तू हसलास.

"वांदरतोंड्या," तू म्हणालास. "यातून पाखरू निघतं. बारीक, मातीच्या रंगाचं."

ते पाखरू मी पुढे शेकडो वेळा पाहिलं. नखाएवढं. पंख वरून भुरे, पुढच्या पंखावर एक फिकट डाग. खालून पांढुरके, त्यावर केसाएवढ्या बारीक नागमोडी रेघा. कुणाला दाखवलं तर म्हणायचे, यात काय बघायचं? ते फुलावर बसायचं नाही फारसं. पिठाळलेल्या फांदीभोवती वेडंवाकडं घिरट्या घालायचं, क्षणभर टेकायचं, पुन्हा उडायचं. मादी त्या पिठातच अंडी घालायची.

आपलं पहिलं भांडण त्यावरूनच झालं. तू म्हणालास, ह्याची अळी पान खात नाही, ती ते पांढरे किडेच खाते. मी म्हणालो, फुलपाखराची अळी पानं खाते, पुस्तकात आहे. तू म्हणालास, "ह्या किड्यानं पुस्तक वाचलं नसंल." मला राग आला. मी शाळेतून दोन काचेच्या बरण्या आणल्या. एकीत अळी आणि भोकराचा स्वच्छ पाला, दुसरीत अळी आणि पिठाळलेली फांदी. पाल्यातली अळी तीन दिवसांत सुकून गेली. दुसरीतली फुगली, अंगाला किड्यांचंच पांढरं पीठ फासून त्यांच्यातच लोळली, आणि बरणीच्या भिंतीवर जाऊन माकडाचं तोंड होऊन बसली. नवव्या दिवशी सकाळी ती फोडून फुलपाखरू बाहेर आलं. तू वाडीवरून खास बघायला आला होतास. बरणीत ते पंख वाळवत बसलं होतं आणि तू माझ्याकडे बघून काहीच बोलत नव्हतास. ते तुझं न बोलणं मला जास्त लागलं.

मग आपल्याला नादच लागला. रविवार आला की मी वाडीवर. सोमीवहिनी भाकरी बांधून द्यायची आणि म्हणायची, "वांदरं बघाया चालले दोगं वांदर." मुंग्यांचं तूच पाहिलंस. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड रस येतो, म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात, दुसरा किडा आला तर चावून हाकलतात. पण ही अळी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचीच जनावरं खाते आणि मुंग्या तिला हात लावत नाहीत. का, ते आपल्याला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मी म्हणायचो, अंगावरच्या पिठामुळे मुंग्यांना ती त्यांच्यातलीच वाटते. तू म्हणायचास, नाय मास्तर, तिला काय तरी येगळं येत असंल. कुणाचं खरं होतं, चांगो? हेही राहिलंच.

चार-पाच वर्षं झाल्यावर मी मुंबईतल्या अभ्यासकांच्या एका मंडळाला पत्र लिहिलं. सात पानं, आकृत्या काढून. माझ्या मनात काय होतं ते आता कबूल करतो. मला वाटलं होतं की आपण काहीतरी नवीन शोधलं आहे आणि माझं नाव छापून येईल. माझंच. तुझं नाव मी त्या सात पानांत एकदा लिहिलं होतं, "स्थानिक आदिवासी सहायक" म्हणून, आणि तेही आडनावाशिवाय. उत्तर फार सभ्य आलं. हे सगळं इंग्रजांच्या काळापासून ठाऊक आहे, तरी आपल्या भागातली नोंद पाठवल्याबद्दल आभारी आहोत. मी ते पत्र घेऊन तणतणत वाडीवर आलो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मंग काय झालं? आपल्याला कुटं ठाव व्हतं?" मी तुझ्यावरच ओरडलो. त्या दिवशी तुला कळलं असेल का, की तुझं नाव मी कसं लिहिलं होतं? मी ते तुला वाचून दाखवताना गाळलं होतं.

आता राईचं.

राई सरकारी नव्हती. कुणा मुंबईच्या शेटनं खालच्या शेतासकट ती घेतली, फार्महाऊस बांधायचं म्हणून. चौक गावाहून ट्रक आले. मला कळलं तो रविवार होता. मी धावत वर गेलो तर अर्धी राई आडवी झाली होती आणि ओहोळाच्या काठाला तू होतास, हातात कुऱ्हाड. भोकर पडलं होतं. त्याच्या फांद्या उन्हात होत्या आणि पानांवरचे कोष तसेच होते, वाळत चाललेले. मी मोजायला लागलो आणि मग थांबलो.

मी विचारलं, "तूच तोडलंस?"

"मीच."

"दुसरं झाड नव्हतं?"

"सगळीच तोडायची हायेत, मास्तर. हे आज आलं."

मी बोलत राहिलो. पंधरा वर्षं, आपण, रविवार, असं काय काय. तू कुऱ्हाड खाली ठेवलीस. म्हणालास, पोरीचं लगीन काढलंय, शेट रोजच्या रोज देतो, पावसाळ्यात काम नाय. तुमचा पगार म्हैन्याच्या म्हैन्याला येतो. मी म्हणालो, तू राई विकलीस.

"राई माजी कदी व्हती?" तू म्हणालास.

मला याचं उत्तर आलं नाही. मग ज्याला उत्तर येत नाही तो जे करतो ते मी केलं. मी म्हणालो, अडाणी तो अडाणीच राहणार. हे मी तुला म्हणालो. ज्या शब्दानं माझ्या बापाला गावानं आयुष्यभर हाक मारली तो शब्द मी तुझ्या तोंडावर फेकला आणि उतरून खाली आलो. तू मागून हाक मारली नाहीस. तुला राग आला असता तर बरं झालं असतं. तू चार शिव्या दिल्या असत्यास तर मी पुढच्या रविवारी भांडायला तरी आलो असतो.

वर्षभरानं शाळेचं स्नेहसंमेलन होतं. प्रमुख पाहुणे कोण, ते तुला सांगायला नको. शेटनी शाळेला पाण्याची टाकी बांधून दिली होती. पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिलं, कारण माझं बोलणं शुद्ध आहे. मी उभा राहिलो आणि आपल्या परिसरावर, निसर्गावर प्रेम करणारे असं म्हणालो. बंगल्यासमोर त्यांनी गुलमोहर लावले होते, ते मी सांगितलं. मग मी त्यांना हार घातला. टाळ्या वाजल्या. फोटोही काढला, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत लावला आहे. त्यात मी हसतो आहे.

त्याच दुपारी, समारंभाच्या तासभर आधी, शिपाई येऊन म्हणाला होता की फाटकाशी तो ठाकर आलाय, तुमच्याशी बोलायचंय म्हणतो. मी खिडकीतून पाहिलं. तू धुतलेला सदरा घातला होतास. मी शिपायाला म्हणालो, सांग, मास्तर कामात आहेत. मला वाटलं तू माफी मागायला आला आहेस आणि मला ती इतक्या स्वस्तात द्यायची नव्हती. तू गेलास असं मी धरून चाललो. पुन्हा खिडकीतून पाहिलं नाही.

त्यानंतर तू आला नाहीस आणि मीही गेलो नाही. बाजारात एकदा तू दिसलास, मी दुकानात शिरलो. असली तीन वर्षं. आणि आता कंडक्टर.

रविवारी मी वाडीवर गेलो. सोमीवहिनी दारात बसली होती. मला बघून उठली नाही. बसा म्हणाली नाही, तरी मी बसलो. काय झालं विचारलं. कावीळ, म्हणाली. आठ दिवस डोळे हळदीसारखे होते, झाडपाल्याचं औषध घेत होतास. शेवटी डोलीत घालून खाली आणेपर्यंत शुद्ध गेली.

मी म्हणालो, मला निरोप का नाही धाडला? कर्जतचा डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे, मी गाडी करून नेलं असतं.

"मी म्हनाले, मास्तरांना सांगते," ती म्हणाली. "तर म्हनाले, नको. सामाईचे पेपर चालू असतील त्यांचे."

चांगो, याचा मला जो संताप आला आहे तो कमी व्हायचं नाव घेत नाही. सहामाहीचे पेपर. त्या आठवड्यात मी खरंच पेपर तपासत होतो, सातवीचे, मक्याचं बी आणि घेवड्याचं बी यांतला फरक लिहा. तू मरायला टेकलास आणि माझ्या पेपरांची काळजी करत बसलास? का मला माझ्याच शब्दांत उत्तर दिलंस, मास्तर कामात आहेत म्हणून? तसं असेल तर बरोबर केलंस. तसं नसेल तर मला ते सहन होत नाही. कुठलं खरं, ते सांगायला तू नाहीस, आणि तूच असा अर्धवट सोडून गेलास.

मग मी वहिनीला विचारलं की तू त्या संमेलनाच्या दिवशी शाळेत कशाला आला होतास.

ती उठली आणि मला घराच्या मागे घेऊन गेली. तिथं तुमचं सीताफळाचं झाड आहे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं. त्याच्या फांद्या आणि फळांच्या खाचा पांढऱ्याफटक झाल्या होत्या. मुंग्यांची रांग बुंध्यावरून वर चालली होती. मला पान वळवावं लागलं नाही. एका फांदीवर ओळीनं चार माकडं बसली होती, माझ्याकडे बघत. डोक्याशी काहीतरी फिरलं आणि पानावर टेकलं. नखाएवढं.

"राई तुटली त्याच्या फुडल्या साली आले हितं," ती म्हणाली. "त्यांना काय आनंद झाला. सदरा धुतला आन् तुमाला सांगाया आले. मागारी आले ते काय बोललेच नाय. मी म्हनाले, भेटले का मास्तर? म्हनाले, भेटले नाय, दिसले. शेटच्या गळ्यात हार घालत व्हते. मी म्हनाले, बगा तुमचे मास्तर. तर म्हनाले, त्यांना पन पोट हाय, सोमी."

मी तिथं उभा होतो. मला वाटत होतं, तू हे रागानं म्हणाला असशील. मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, नाय, साधंच म्हनाले, आन् जेवले.

तू मला माफ केलंस, असं लोक म्हणतील. मला ते नको आहे. मी राईसाठी तुझ्याशी बोलणं टाकलं आणि ज्यानं राई पाडायला लावली त्याला हार घातला. हे तुला दिसलं होतं, मला सांगायला हवं होतंस. फाटकातून आत यायला हवं होतंस, त्या मांडवात, सगळ्यांसमोर. मला तुझ्यासमोर एकदा तरी खाली मान घालू द्यायला हवी होतीस. तू तीही संधी पोटाला बांधून घेऊन गेलास. आणि भोकर तोडलंस ते तोडलंसच. सीताफळावर चार कोष आले म्हणून राई परत उभी राहत नाही. त्या राईत आणखी काय काय होतं, ते आपण बघितलंसुद्धा नव्हतं, एकाच किड्याच्या नादात पंधरा वर्षं गेली. ते मी सोडणार नाही. तू असतास तर आज यावरून पुन्हा कडाडून भांडलो असतो, आणि तू पुन्हा विचारलं असतंस की राई कुणाची होती, आणि मला पुन्हा उत्तर आलं नसतं.

मी निघालो तेव्हा वहिनी झाडाशीच उभी होती. म्हणाली, "मास्तर, एक इचारू? ह्या पांढऱ्यानं फळं काळी पडत्यात. नेरळच्या बाजारात कुनी हात लावत नाय. शेतकीचा मानूस पावडर देतो म्हनाला, तर ह्यांनी मारू दिली नाय. मास्तर येतील तवर राहू दे म्हनायचे. आता सांगा, मारू का?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, नको. मला माहीत आहे की थोडं थांबलं तर अळ्या बरंच पांढरं खाऊन टाकतात. त्यावर मी पाच मिनिटं सहज बोललो असतो, आकृती काढून. मी तिच्या हाताकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग म्हणालो, "झाड तुमचं आहे, वहिनी. तुम्ही ठरवा."

तिनं एक काळवंडलेलं फळ तोडलं, दाबून पाहिलं, टाकून दिलं. "ह्या साली राहू देते," ती म्हणाली. "ते गेले ते साल हाय. फुडल्या साली मात्र मी मारनार."

मी म्हणालो, "बरं."

तेवढा एक शब्द, चांगो. त्या भोकराशी उभा राहून तुला म्हणायला मला जमला नाही.